स्टोरीवीव्हरच्या मराठी गोष्टी: पातळीचा आकडा आणि मुलाचं वाचन

प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेलं स्टोरीवीव्हर हे चित्रगोष्टींचं संकेतस्थळ मराठी शिक्षकांना आणि बऱ्याच पालकांना आता नवं नाही. भाषा निवडायची, पातळी निवडायची, गोष्ट पडद्यावर वाचायची किंवा खातं उघडून पीडीएफ उतरवून घ्यायची. पैसे लागत नाहीत. गोष्टी खुल्या परवान्याखाली असल्यामुळे लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांचं श्रेय कायम ठेवून त्या छापता येतात, वाटता येतात, गरजेप्रमाणे बदलताही येतात. इथे परीक्षण करायचं आहे ते यातल्या एकाच गोष्टीचं: प्रत्येक पुस्तकावर १ ते ४ असा जो पातळीचा आकडा असतो, तो मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी पुस्तक निवडताना किती कामाचा?

निकाल आधीच सांगायचा तर, पातळी ३ आणि ४ चे आकडे बहुतेक वेळा चालून जातात. पातळी १ आणि २ चे आकडे मात्र मराठीत तपासल्याशिवाय वापरू नयेत. तपासायला एका गोष्टीमागे दोन-तीन मिनिटं लागतात आणि ती घालवावीत असं हे भांडार नक्कीच आहे.

आकडा ठरतो कसा

पातळी १ म्हणजे नुकतंच वाचू पाहणारं मूल: सोपे शब्द, पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं, साधारण २५० शब्दांपर्यंत मजकूर. पातळी २ ओळखीचे शब्द वाचणाऱ्या आणि नवे शब्द मदतीने वाचणाऱ्या मुलासाठी, ६०० शब्दांपर्यंत. पातळी ३ स्वतःचं स्वतः वाचणाऱ्यासाठी, १५०० पर्यंत. त्यापुढची, सफाईने वाचणाऱ्याची पातळी ४. उतरवून घेतलेल्या पुस्तकात पातळीचं वर्णन छापलेलं असतं, ते पालकांना दाखवायला सोयीचं आहे.

शब्दसंख्या हे माप वाईट नाही. मूल किती वेळ एका जागी बसून वाचू शकेल, गोष्टीचा धागा कुठवर धरू शकेल, याचा अंदाज त्यावरून येतो. पण नवं वाचणारं मूल दमून थांबत नाही, ते अक्षरापाशी अडून थांबतं. आणि मराठीत अक्षर किती अवघड आहे हे शब्द मोजून कळत नाही.

शिवाय मराठीचा शब्दच मोठा असतो. इंग्रजीत ‘द कॅट रॅन अवे फ्रॉम अंडर द टेबल’ हे आठ शब्द होतात. मराठीत ‘मांजर टेबलाखालून पळालं’, तीन शब्दांत काम झालं. पण त्या तीन शब्दांत बारा अक्षरं आहेत आणि ‘टेबलाखालून’ या एकट्या शब्दातच सहा. विभक्ती प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, सगळं शब्दाला चिकटतं. त्यामुळे इंग्रजीतून आलेली दोनशे शब्दांची गोष्ट मराठीत कमी शब्दांची भरते, आकड्यावर आणखी सोपी दिसते, आणि वाचणाऱ्यासाठी मात्र प्रत्येक शब्द लांब झालेला असतो. (केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलाकडून मिनिटाला ४५ ते ६० शब्दांची अपेक्षा आहे. तो आकडा मराठी वर्गात वापरतानाही हा फरक ध्यानात ठेवायला हवा.)

एका मुलाला दोन आकडे

पातळीच्या आकड्याची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती या संकेतस्थळापुरती नाही, श्रेणीनुसार लावलेल्या कुठल्याही पुस्तकमालेची आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं वाचनाचं साधं सूत्र असं: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. हा गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग नाही. पाच वर्षांचं मूल पातळी ३ ची गोष्ट मांडीवर बसून मन लावून ऐकतं आणि पातळी १ चं एक पानही वाचू शकत नाही, यात विसंगती काहीच नाही. उलट, दुसऱ्या माध्यमातून आलेलं नऊ वर्षांचं मूल सगळी जोडाक्षरं खडाखडा वाचेल आणि पातळी २ मधला ‘हिरमुसला’ त्याला कळणार नाही.

म्हणून पुस्तकावर आकडा एक असला तरी मुलाच्या नावापुढे दोन लिहावेत: ऐकण्याची पातळी आणि वाचण्याची पातळी. ऐकण्याची पुस्तकं एक-दोन पायऱ्या वरची असायलाच हवीत. शब्दसंपत्ती तिथून वाढते, पातळी १ च्या पुस्तकांतून ती वाढत नाही. मूल वाचायला लागलं म्हणून मोठ्यांनी वाचून दाखवणं बंद करणं ही घरोघरी होणारी चूक आहे, आणि तिचा फटका तिसरी-चौथीत बसतो, जेव्हा अक्षरं येतात पण मजकूर कळत नाही.

ऐकण्याची पातळी ठरवताना वयाचा ढोबळ आधार घेता येतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला एका पानावर एक वस्तू, एक क्रिया आणि एखादा आवाज पुरतो, गोष्ट असण्याची गरज नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘आधी हे झालं, मग ते झालं’ असा क्रम धरता येतो. ‘सशाला वाटलं झुडपामागे लांडगा आहे, पण खरं तर तिथे...’ अशी गंमत, म्हणजे पात्राला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असणं, साधारण चार ते पाच वर्षांच्या सुमारास पकडीत येते. त्याआधी अशी गोष्ट वाचली तर मूल चित्रं बघतं आणि फजितीच्या जागी कोरं राहतं. संकेतस्थळावर पातळी १ मध्येही अशा फजितीच्या गोष्टी आहेत. शब्द थोडे म्हणून त्या अडीच वर्षांच्या मुलासाठी निवडल्या जातात, आणि फसतात.

पातळी १: इथे सर्वांत जास्त गाळणी लागते

या एका पातळीत फार वेगवेगळी पुस्तकं एकत्र आहेत. शब्दच नसलेली चित्रपुस्तकं, पानावर दोन शब्द असलेली, आणि पानावर दोन-तीन पूर्ण वाक्यं असलेलीही. तिघांनाही ‘१’.

शब्द नसलेली पुस्तकं आधी बाजूला काढावीत. ती तान्ह्यांची समजून सोडून देऊ नयेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चित्रावरून गोष्ट सांगायला लावली की त्याची बोली भाषा किती लांबीची वाक्यं करते, ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरी’ वापरते का, हे जसं कळतं तसं दुसऱ्या कशाने कळत नाही. घरची बोली शाळेच्या मराठीपेक्षा वेगळी असलेल्या मुलांसाठी तर सुरुवात इथूनच व्हावी.

उरलेल्या पुस्तकांचे तीन गठ्ठे करावेत, आणि निकष एकच ठेवावा: जोडाक्षरं.

देवनागरीत चौतीस व्यंजनं धरली तरी बाराखडीच चारशेच्या घरात जाते, जोडाक्षरं त्याहून वेगळी. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांच्या अभ्यासात दाखवलं आहे की अक्षरांचा हा संच शिकणं पहिलीत संपत नाही, पुढची काही वर्षं चालतं. मराठीची लिपी वेगळी, पण घडण तीच. त्यामुळे पातळी १ च्या पुस्तकात कोणती अक्षरं येतात हा गौण मुद्दा नाही, तोच मुख्य मुद्दा आहे.

मग जोडाक्षर नसलेलीच पुस्तकं द्यावीत का? पहिला गठ्ठा तोच. पण तो लहान राहणार, आणि त्याला कारण आहे. मराठीत जोडाक्षराशिवाय ‘त्याला’ म्हणता येत नाही. ‘तिच्या’, ‘माझ्या’, ‘सगळ्या’, ‘गेल्या’, ‘आल्या’, ‘पाण्यात’, हे सगळे रोजचे शब्द जोडाक्षरांचे. गोष्टीत कोणी बोलायला लागलं की ‘म्हणाला’ आलाच, आणि त्याची सुरुवातच ‘म्ह’ने होते. हे सगळं टाळून लिहिलेला मजकूर ‘कमल घर बघ’ छापाचा होतो. असं कोणी बोलत नाही, म्हणून मुलाला पुढचा शब्द अंदाजाने पकडता येत नाही आणि वाचन सोपं होण्याऐवजी अवघड होतं.

पहिल्या गठ्ठ्यासाठी मराठीत एक हक्काची सोय आहे, ती म्हणजे नादशब्द. टपटप, सळसळ, खुळखुळ, धडाधड, कुडकुड. जोडाक्षर नाही, दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, कानाला ओळखीचे, आणि वाचून झाल्याबरोबर बरोबर वाचलं की नाही हे मुलाला आपलं आपण कळतं. असे शब्द असलेली गोष्ट दिसली की ती पहिल्या गठ्ठ्यात टाकावी, मग एखादं वाक्य लांब असलं तरी हरकत नाही.

दुसरा गठ्ठा ‘य’ जोडलेल्या अक्षरांचा: त्य, च्य, झ्य, ल्य, ण्य, ळ्य. यातल्या बहुतेकांत पहिल्या अक्षराचा काना काढला की अर्धं अक्षर तयार होतं, म्हणजे नियम एकच. ‘माझा–माझ्या’, ‘तिचा–तिच्या’, ‘पाणी–पाण्यात’ अशा जोड्या तोंडी म्हणून घेतल्या की मुलं हा गट पटकन उचलतात. पाठ्यक्रमात जोडाक्षरं शेवटी येतात म्हणून हा गठ्ठा थांबवून ठेवू नये. ‘म्हणाला’, ‘म्हणाली’, ‘आहे’, ‘आणि’, ‘होता’, ‘नाही’, ‘मग’, ‘खूप’, ‘काय’ एवढे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून आधी नजरेखालून घालावेत. एवढ्या तयारीवर पातळी १ ची बरीच पुस्तकं मोकळी होतात.

तिसऱ्या गठ्ठ्यात बाकीची सगळी: दुहेरी (चप्पल, दिल्ली), स्त-ष्ट-न्ह ही कुळं, आणि ‘र’ची चार रूपं. ‘सूर्य’मधला रफार, ‘चक्र’मधली तिरपी रेघ, ‘ट्रक’मधली खालची खूण आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ. रफार सर्वांत त्रासदायक, कारण तो उच्चारात आधी येतो आणि दिसतो मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मुलं ‘सूर्य’ला ‘सूयर’ म्हणतात ते निष्काळजीपणाने नाही, डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचल्यामुळे. ऱ्हस्व वेलांटीचं उलट: दिसते आधी, उच्चारायची नंतर. क्ष, ज्ञ, द्य, द्ध, ह्म, श्र यांत मूळ अक्षरं ओळखूच येत नाहीत, ती एकेक करून शिकवावी लागतात. एखाद्या पातळी १ च्या गोष्टीतल्या पात्राचंच नाव असं अवघड असेल, तर ते पानापानावर येणार. ते नाव आधी फळ्यावर लिहून ओळख करून दिली की प्रश्न मिटतो. बाकी मजकूर सोपा असेल तर तेवढ्यासाठी पुस्तक नाकारू नये.

पुनरावृत्तीबद्दल एक सावधगिरी. ‘टोपलीत आंबा, टोपलीत पेरू, टोपलीत केळं’ अशा साच्याची गोष्ट मूल दुसऱ्या खेपेला तोंडपाठ म्हणतं आणि मोठ्यांना ते वाचन वाटतं. पाठ म्हणणं ही चांगलीच पायरी आहे, पण तिच्यावरून पातळी ठरवू नये. चित्र हाताने झाकून मधल्याच पानावरचा एक शब्द विचारावा, किंवा तीच वाक्यं क्रम बदलून कागदावर लिहून द्यावीत. तिथे अडलं तर अजून पातळी १ चा पहिला गठ्ठाच.

पातळी २: अक्षरं येतात, शब्द ओळखू येत नाही

२५० वरून ६०० ही उडी मोठी आहे आणि पानावरचा मजकूरही अंगावर येतो. पण मराठीपुरती खरी अडचण सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या बदलणाऱ्या रूपाची. ससा ओळखीचा, ‘सशाला’ परका. मासा–माशाने, पाणी–पाण्यावर, फूल–फुलातून, विहीर–विहिरीत, भाऊ–भावाकडे. बोलताना मूल हे सगळं चार वर्षांचं असल्यापासून बिनचूक करतं, पण छापलेल्या ‘सशाला’मध्ये त्याला ससा दिसत नाही. लक्षण ओळखायला सोपं आहे: शब्द बरोबर वाचला जातो, आवाज मात्र वर जातो, प्रश्न विचारल्यासारखा. उपायही सोपा. गोष्ट आधी आपण चाळायची, असे चार-पाच शब्द काढायचे आणि वाचायला बसण्याआधी बोलण्यात आणायचे: ‘विहीर कुठे आहे? विहिरीत कोण पडलं?’ अर्थ सांगायची गरज नसते, ओळख पटवायची असते.

दुसरी गोष्ट छापील ‘ए’ची. ‘पिल्लू लहान होते, त्याने दूध प्यायले’ असं काही पुस्तकांत असतं, काहींत ‘होतं, प्यायलं’. अनुवादक अनेक असल्यामुळे संकेतस्थळावर दोन्ही रीती सापडतात. मूल ‘होते’ छापलेलं असताना ‘होतं’ वाचत असेल तर ती चूक मोजू नये. उलट ते अर्थ लावत वाचतंय याची ती खूण आहे. अडचण येते ती ‘ते मूल होते’ आणि ‘ते लोक होते’ यांत, कारण डोळ्याला दोन्ही सारखेच. सुरुवातीच्या वाचकाला निवड असेल तर बोलण्यासारखी ‘अं’ची पुस्तकं आधी द्यावीत, ‘ए’ची मागाहून. शाळेची पुस्तकं ‘ए’ची असतात, त्यामुळे तिथवर पोचायचं आहेच.

आणि अनुवादाचा दर्जा. बऱ्याच मराठी गोष्टी दुसऱ्या भाषेतून आलेल्या आहेत, ते श्रेयाच्या पानावर दिलेलं असतं. अनुवाद कोणालाही करता येतो, हे या जागेचं बळ आहे, आणि उत्तम अनुवाद इथे खरोखर आहेत. पण सगळे एका हाताखालून गेलेले नाहीत. तपासायची रीत अशी: पहिली तीन पानं मोठ्याने वाचायची. ‘एक झाडाखाली’ (हवं ‘एका झाडाखाली’), ‘एक मुलगा जो रोज शाळेत जात होता’, ‘त्याच्या द्वारे’, असं दोनदा आढळलं तर ती गोष्ट सोडून द्यावी. हा भाषाशुद्धीचा हट्ट नाही. नवं वाचणारं मूल पुढचा शब्द कानाच्या आधाराने हेरत असतं. वाक्य ‘झाडावर बसलेला पोपट’ असं असेल तर कान मदत करतो, ‘पोपट जो झाडावर बसला होता’ असं असेल तर कान मधेच साथ सोडतो. प्रकाशन संस्थेच्या नावाने आलेल्या गोष्टींत हे धोके कमी, म्हणून घाई असेल तेव्हा त्या आधी बघाव्यात.

पन्नास शब्दांची चाचणी

पाच बोटांची युक्ती बरेच जण वापरतात: एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक अवघड. ती शंभरेक शब्दांच्या पानासाठी आहे. पातळी १-२ च्या पानावर दहा-वीस शब्द असतात, तिथे पाच अडले म्हणजे सगळंच कोसळलं. त्याऐवजी सलग पन्नास शब्द मोजून खूण करावी, मग पानं कितीही होवोत.

मुलाने तो मजकूर आधी ऐकलेला नसावा. ते वाचत असताना आपण दुसऱ्या प्रतीवर किंवा वहीत नोंद करायची, मधे बोलायचं नाही. अडलं तर मनात पाचपर्यंत मोजून शब्द सांगायचा आणि ती एक चूक धरायची. आपली आपण सुधारलेली चूक मोजायची नाही. बोलीचा उच्चार, ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’, ‘आहे’चं ‘हाये’, मोजायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घही सोडून द्यायचं. चाक आणि चहा यांतल्या दोन ‘च’ची अदलाबदल झाली तर मोजायची नाही, कारण तो फरक लिपी दाखवतच नाही.

दोनपर्यंत चुका: हे पुस्तक मुलाने एकट्याने वाचावं. तीन ते पाच: शेजारी बसून वाचावं, शिकणं इथेच होतं. सहा किंवा जास्त: आज आपण वाचून दाखवावं, पुस्तक लपवू नये. त्यानंतर पुस्तक मिटून ‘काय झालं ते सांग’ एवढंच म्हणावं. तीन घटना क्रमाने आल्या तर समज ठीक. चुका शून्य आणि सांगता काहीच येत नाही, असं झालं तर अडचण लिपीची नाही, भाषेची आहे. त्या मुलाला ऐकण्याच्या गोष्टी आणि गप्पा वाढवून हव्यात, अक्षरांचा सराव नको.

चुका कुठे झाल्या तेही बघावं. मात्रेच्या चुका असतील तर पहिला गठ्ठा, जोडाक्षराच्या असतील तर दुसरा-तिसरा, आणि शब्दाचा शेवट गिळला जात असेल (‘झाडाखालून’चं ‘झाडाखाली’) तर मूल घाईत आहे किंवा शब्द लांब पडतोय. तेव्हा शब्दाखाली बोट न ठेवता ‘झाडा’ आणि ‘खालून’ असे दोन तुकडे कागदाच्या पट्टीने उघडून दाखवावेत.

‘असर’ या देशभरातल्या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या वाचन चाचणीतले अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे टप्पे ज्या शिक्षकांच्या हाताखालचे आहेत त्यांच्यासाठी ढोबळ मेळ असा लावता येईल: शब्द टप्प्यावरचं मूल पातळी १ चा पहिला गठ्ठा मदतीने वाचतं, परिच्छेद टप्प्यावरचं दुसरा-तिसरा गठ्ठा एकटं, आणि गोष्ट वाचणारं मूल पातळी २ ला तयार असतं. अक्षर टप्प्यावर पुस्तक ऐकण्यासाठी आणि चित्रांसाठी.

वर जायची घाई नको. एका पातळीतल्या किमान आठ-दहा गोष्टी सहज वाचून झाल्या की पुढची एक द्यावी. आडवं वाचन, म्हणजे त्याच पातळीवरची नवी नवी पुस्तकं, हीच या संकेतस्थळाची मोठी देणगी आहे. कपाटातल्या वीस पुस्तकांत ती चैन परवडत नाही, इथे परवडते.

पातळी ३ आणि ४

इथे लिपी मागे पडलेली असते आणि शब्दसंख्येचं माप बऱ्यापैकी खरं ठरतं. फरक करायचा तो गोष्ट आणि माहितीपर पुस्तक यांत. विज्ञान-गणिताच्या पातळी ३ च्या पुस्तकांत ‘बाष्पीभवन’, ‘गुरुत्वाकर्षण’ असे संस्कृत घडणीचे शब्द येतात, ते गोष्टीच्या पातळी ४ इतके जड. म्हणून माहितीपर पुस्तक निवडताना एक पायरी खालचं निवडावं. एका पानावर तीनपेक्षा जास्त नव्या संज्ञा असतील तर ते एकट्याने वाचायला नको. पातळी ४ पडद्यापेक्षा कागदावर बरी. लांब मजकुरात मागे जाऊन एखादं वाक्य पुन्हा शोधणं मुलांना फोनवर जमत नाही.

छापताना आणि बदलताना

छापण्याआधी एक पान मूळ आकारात छापून बघावं. मजकूर चित्रावर आलेला असेल तर काळ्या-पांढऱ्या छपाईत तो बुडतो. नवशिक्या वाचकाला २४ पॉइंटच्या आसपासचं अक्षर लागतं आणि ओळींत अंतर भरपूर, कारण देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. ‘ल’ आणि ‘श’ही बघावेत. अनेक संगणकी टंकांत ते हिंदी वळणाचे असतात आणि शाळेत पाकळीचा ल, देठाचा श गिरवलेल्या मुलाला पहिल्या खेपेला ते ओळखू येत नाहीत. पुस्तक टाकून देण्याइतकं हे मोठं नाही. दोन्ही रूपं शेजारी लिहून दाखवली की पुरतं.

गोष्ट आवडली आणि पातळी जुळत नाही, तर ती बदलून घेता येते. संकेतस्थळावरच गोष्टीची नवी आवृत्ती वेगळ्या पातळीसाठी करण्याची सोय आहे, आणि परवाना ते करू देतो. पातळी २ ची गोष्ट १ वर आणताना एका पानावर एक घटना ठेवावी. ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ची वाक्यं तोडून दोन करावीत. ‘झाडाच्या ढोलीतल्या पिल्लांना’ असा लांबलचक शब्दसमूह ‘ढोलीत पिल्लं होती. त्यांना...’ असा सोडवावा. ओळ तोडायची ती अर्थाच्या तुकड्यावर, कागदाची कड आली म्हणून नाही. सगळेच अवघड शब्द मात्र काढून टाकू नयेत. ‘ढोली’ काढून ‘भोक’ लिहिलं की अक्षरं सोपी होत नाहीत आणि एक चांगला शब्द तेवढा जातो. गोष्टीमागे दोन-तीन नवे शब्द राहू द्यावेत, प्रत्येक किमान तीनदा येईल असे, आणि त्यातला एक तरी चित्रात दिसणारा. तयार झालेली आवृत्ती पन्नास शब्दांच्या चाचणीने दोन-तीन मुलांवर वाचून बघावी, आणि ती सगळी ज्या एकाच शब्दावर अडखळली तो शब्द बदलावा.